झगमग मागावी कशी, लावावी कशी

मंडप, लायटिंग आणि साउंड हा माझा धंदा. गाव दारव्हा तालुक्यात, गिऱ्हाईक आजूबाजूच्या खेड्यांतलं. पोळा आटोपला की गणपती, त्यातच महालक्ष्म्या, मग दुर्गादेवी, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. ऑर्डर द्यायला येणारा वॉट सांगत नाही, ॲम्पिअरही सांगत नाही. तो म्हणतो, "भाऊ, झगमग पाह्यजे. अशी का बाजूच्या गावातून दिसली पाह्यजे." दुसरा म्हणतो, "लखलखाट करून टाका." आणि पंगतीची जागा पाहायला गेलो की घरातली आजी आतूनच सांगते, "जास्त भगभग नोको करू रे बाप्पा, डोये दुखते."

हे तीन वेगळे माल आहेत. बल्ब वेगळे, बांधायची जागा वेगळी, भाडंही वेगळं. आमच्या भाषेत उजेडाला इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. गिऱ्हाइकाने नेमका शब्द वापरला की माझं निम्मं काम तिथेच होतं. म्हणून हे लिहितो आहे. मंडळातल्या पोरांना लायटिंग लावायला उपयोगी पडेल, आणि ज्यांना अहवाल, पत्रिका, भाषण लिहावं लागतं त्यांनाही.

झगमगीपासून सुरू करू, कारण मागणी तिचीच जास्त.

झगमग म्हणजे पुष्कळ बारीक उजेड, तोही हलता, आणि मागे अंधार. यातलं एक जरी नसलं तरी झगमग होत नाही. एकटा बल्ब कधी झगमगत नाही, तो जळतो किंवा चमकतो. बाजार झगमगतो, जत्रेतला पाळणा झगमगतो, रात्री दुरून यवतमाळ झगमगतं. शालू झगमगतो तो जरीमुळे. नवरी चालते तसा जरीचा एकेक धागा उजेड धरतो आणि सोडतो. तीच नवरी स्टेजवर नुसती बसली की शालू तितका झगमगत नाही. सिनेमावाल्यांच्या जगाला झगमगती दुनिया म्हणतात तेव्हा त्यात थोडा इशाराही असतो, की हे वरवरचं आहे. म्हणून कुणाच्या कष्टाचं कौतुक करताना "झगमगतं यश" लिहू नये. तिथे "लखलखीत यश" बसतं. बोलताना झगमग बाईमाणूस आणि झगमगाट बाप्यामाणूस: झगमग केली, झगमगाट केला. झगमगाट म्हटलं की जरा जास्तच, डोळ्यात भरणारी रोषणाई.

आता ती लावायची कशी.

पहिलं काम म्हणजे अंधार राखणं. बहुतेक मंडळांत पोरं झालरी बांधतात, पिक्सेल (रंग बदलणारे एलईडी) लावतात, आणि मग समोर विजेच्या खांबावर मोठा फोकस ठोकतात. फोकस लागला की डोळ्याची बाहुली आवळते आणि मागच्या हजार बारीक बल्बांची किंमत शून्य होते. फोकस हवाच असेल तर तो येण्याजाण्याच्या वाटेवर, खाली तोंड करून, पत्र्याची आड देऊन लावा. माणसाच्या डोळ्यात थेट जाणारा एकही दिवा ठेवू नका. मी काम संपलं की शंभरेक पावलं लांब जाऊन उभा राहतो. ज्या दिव्याकडे नजर सारखी ओढली जाते तो दिवा काढून टाकतो. बहुतेक वेळा तो एकच असतो आणि तो काढला की बाकी सगळं दिसायला लागतं.

दुसरं, हालचाल. हालचाल म्हटलं की सगळे कंट्रोलरच्या मागे लागतात. त्यापेक्षा कडुनिंब वापरा. आमच्याकडे देवळासमोर, शाळेसमोर कडुनिंब असतोच. राइस लाइटच्या, म्हणजे तांदळाएवढ्या बल्बांच्या, माळा खोडाला आवळून गुंडाळायच्या नाहीत. त्या फांद्यांच्या आतल्या बाजूने, पानांच्या मागून, ढिल्या सोडायच्या. कडुनिंबाचं पान बारीक, कडेला दातेरी, देठ लवचिक. जरा वारा आला की पान बल्बासमोर येतं, सरकतं, पुन्हा येतं. दिवा स्थिर असतो, पण पाहणाऱ्याला तो विझून लागल्यासारखा दिसतो, आणि कोणते दोन दिवे एकदम विझतील याचा काही नेम नसतो. कंट्रोलरच्या झगमगीला ठेका असतो, थोड्या वेळाने डोळा तो ओळखतो आणि कंटाळतो. निंबाच्या झगमगीला ठेका नाही. वडाला किंवा सागवानाला ही गंमत येत नाही. त्यांचं पान मोठं आणि जड, एकदा आड आलं की बल्ब गेलाच. सागाला लायटिंग करायचीच असेल तर खालून एक हिरवा पार लाइट (स्टेजला लावतात तो डब्यासारखा दिवा) मारा आणि सोडून द्या.

कंट्रोलर लावलाच तर हळू ठेवा. सेकंदाला एक, फार तर दोन वेळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारा जोरदार उजेड काही माणसांना फिट आणू शकतो. ज्यांना मिरगीचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे खरंच धोक्याचं आहे, आणि विसर्जनाच्या गर्दीत कुणाला काय आहे हे आपल्याला कळत नाही. डीजेच्या गाडीवर पांढरा स्ट्रोब (भराभर उघडझाप करणारा दिवा) लावा म्हणून पोरं हट्ट करतात. मी लावत नाही, ऑर्डर गेली तरी.

लखलखीचं गणित वेगळं. लखलख म्हणजे स्वच्छ, धारदार, पांढऱ्याकडे झुकणारा उजेड. बहुतेक वेळा तो उसना असतो: घासलेला तांब्या लखलखतो, तलवार लखलखते, आरसा लखलखतो, दुपारी भरलेलं शेततळं लखलखतं. दिवा काढून घेतला की लखलख गेली. वीज मात्र स्वतःच्या उजेडाने लखलखते, कारण तिच्यातही तीच धार आहे. (आमच्याकडे जुनी माणसं "ईज लवते" म्हणतात, लवणं म्हणजे क्षणभर झुकून दिसणं. पापणी लवते ते हेच.) याच घरातला लख्ख. लख्ख ऊन, घर लख्ख झाडलं, आणि एखादी गोष्ट लख्ख आठवते. यात चमक कमी आणि स्वच्छता जास्त. म्हणून "लख्ख अंधार" कुणी म्हणत नाही. अंधार मिट्ट असतो.

महालक्ष्म्यांना लखलख पाहिजे, झगमग नको. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करतात, पितळी किंवा पॉलिश केलेले मुखवटे, नथ, मोत्यांचे हार, भरजरी लुगडी, समोर फराळाची आरास. घरच्या बायकांनी दोन दिवस राबून जे मांडलेलं असतं ते दिसलं पाहिजे, दिवे दिसण्याची गरज नाही. पण होतं असं की मखराला चारी बाजूंनी रंगीत पळती झालर लावतात. मुखवटा एकदा हिरवा, एकदा निळा, एकदा लाल. देवीचा चेहरा कुणाला धड दिसत नाही.

त्याऐवजी असं करा. मखराच्या वर, समोरच्या बाजूला, डोक्यापेक्षा दीड-दोन हात उंच, एका कडेला झुकता एक दिवा लावा. खोक्यावर ३००० केल्विन लिहिलेला घ्या, म्हणजे पिवळसर. पितळ, सोनं, जर यांचा रंग पिवळ्या उजेडात खुलतो. ६५०० केल्विनचा पांढराफट दिवा चांदीला, मोत्याला, काचेला बरा. पितळ त्याखाली फिकं, आजारी दिसतं. दुसऱ्या कडेला पहिल्याच्या निम्म्या जोराचा तसाच दिवा, फक्त सावली कापायला. दोन्ही दिवे पडद्याआड. मग मुखवट्याच्या गालावर, नथीच्या मोत्यावर, वाटीच्या काठावर एकेक ठिपका उठतो. तो ठिपका म्हणजे लखलख. दिवा थोडा सरकवून पाहा, ठिपका कसा सरकतो ते दिसेल. तो डोळ्याच्या रेषेत आला की दिवा तिथेच बांधा. हे दोघांनी करायचं काम आहे, एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने हळदीकुंकवाला येणारी बाई जिथे बसेल तिथे बसून सांगायचं, "अजून जरासा इकडे." समई तेवत असते तिच्याजवळ विजेचा दिवा आणू नका. समई झगमगत नाही आणि लखलखत नाही; ती तेवते, आणि तेवणारा उजेड दुसऱ्या उजेडापुढे लगेच मरतो.

दिवसाउजेडी लखलख पाहायची तर पोळा. त्या दिवशी आम्हा लायटिंगवाल्यांचं काही काम नसतं आणि तरी गावात सगळ्यांत चांगली रोषणाई तेव्हाच असते. बैलांना धुऊन, शिंगं रंगवून वर बेगड चिकटवलेली, पाठीवर आरशाची झूल, गळ्यात घुंगरमाळ. उन्हं कलली की बैल तोरणाखाली येतात, झडत्या (पोळ्याची गाणी) सुरू होतात. त्या वेळी ऊन तिरपं असतं म्हणून आरशांचे कवडसे समोरच्या भिंतींवर आणि माणसांच्या अंगावर पडतात. डोक्यावरचं ऊन असतं तर ते जमिनीत गेले असते. बैलाने मान हलवली की भिंतीवरचे सगळे ठिपके एकदम धावतात. मी मंडपात आरशाचे तुकडे लावतो ते इथूनच शिकलो. गोल आरसे, प्रत्येक जरा वेगळ्या कोनात, आणि एकच फोकस खालून तिरपा. दहा महागडे दिवे लावून हे काम होत नाही. बेगडीवरून आठवलं: बेगडी प्रेम, बेगडी माया म्हणतात ते या पातळ चकचकीत पत्र्यावरूनच, वरून सोन्यासारखं आणि आत काही नाही. पण बैलाच्या शिंगावरची बेगड खोटी वाटत नाही. तिथे ती कोणालाच फसवायला लावलेली नसते.

लुकलुक कमी मागतात, पण मला सगळ्यांत आवडते ती. लुकलुक बारीक असते, लांब असते, आणि जाऊन येते. चांदणी लुकलुकते, काजवा लुकलुकतो, पाळण्यातल्या लेकराचे डोळे लुकलुकतात. आकाशात जो ठिपका लुकलुकतो तो बहुतेक तारा असतो आणि जो स्थिर दिसतो तो ग्रह. ताऱ्याचा उजेड एका बिंदूतून येतो म्हणून हवेचे हलते थर त्याला हलवतात, ग्रह आपल्याला किंचित थाळीएवढा असतो म्हणून तो टिकून राहतो. काजव्याचा उजेड थंड असतो, त्यात उष्णता जवळजवळ नसते. जुना तारेचा बल्ब याच्या अगदी उलट, नव्वद टक्क्यांवर वीज उष्णतेत घालवायचा, म्हणून कागदी आरास करपायची. टेकडीवरचं देऊळ किंवा शेतातलं घर सजवायचं असेल तर लुकलुक मागा. हातभर अंतरावर एकेक पिवळा बल्ब, कळसापासून पायऱ्यांपर्यंत एकच ओळ, आणि बाकी काही नाही. खालच्या रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून पाहतो.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. चकाकतं ते घासून गुळगुळीत झालेलं: नांगराचा फाळ, बूट, पॉलिश केलेलं दार. लकाकी अंगाची आणि पानाची. खाऊनपिऊन असलेल्या बैलाच्या कातडीला लकाकी असते, पाणी मिळालेल्या संत्र्याच्या पानालाही असते. झळाळी सोन्याची आणि तेजाची; भाव वाढला की पेपरवाले "सोन्याला झळाळी" लिहितात. झळकणं म्हणजे लोकांच्या नजरेत येणं, त्यात प्रत्यक्ष उजेड असायलाच पाहिजे असं नाही: पोरगी गुणवत्ता यादीत झळकते, चौकात फलक झळकतात. तळपणं सूर्याचं, तलवारीचं आणि क्रिकेटच्या बातमीत बॅटचं. डोळे दिपतात ते उजेडानेही आणि कर्तृत्वानेही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते मात्र डोक्याला मार बसल्यावर किंवा खताचं बिल पाहिल्यावर.

चमकणं सगळीकडे चालतं, म्हणूनच त्यावर थांबू नये. शिवाय त्याची दुसरी कामंही आहेत: पाठीत चमक भरते, माणूस नाव ऐकून चमकतो, नाकात चमकी असते, आणि मूर्तीवर शिंपडतात ती चमकीची पूड. भाषण लिहिणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. चमचमणारी रोषणाई बरोबर, चमचमीत रोषणाई चूक. चमचमीत म्हणजे तिखट-तर्रीदार, सावजीचा रस्सा चमचमीत असतो. कितीतरी मंडळांच्या अहवालात मी "चमचमीत विद्युत रोषणाई" वाचलं आहे.

भगभग आणि मिणमिण हे दोन शब्द तक्रारीचे. कुणी ते उच्चारले तर समजायचं की काम बिघडलं आहे.

भगभग म्हणजे उजेड आहे पण सोसवत नाही. पंगतीवर हमखास होते, कारण आचारी म्हणतो उजेड पाहिजे आणि आपण वर पांढरा हॅलोजन टांगतो. पावसाळ्यात त्याला पाखरं येतात आणि वरणात पडतात. पांढऱ्या-निळसर उजेडाला किडे जास्त येतात, पिवळ्याला कमी. पंगतीच्या रांगेवर पिवळे दिवे लावा, माणसाच्या डोक्यापासून बऱ्यापैकी उंच, आणि एक पांढरा दिवा मुद्दाम लांब, उकिरड्याच्या बाजूला लावून ठेवा. पाखरं तिकडे जातात.

मिणमिण म्हणजे दिव्यात दम नाही. दिवा मिणमिणतो तेव्हा गिऱ्हाईक बल्बाला शिव्या देतं, पण दोष बहुतेक तारेचा असतो. घरात २३० व्होल्ट येतात असं धरू. तिथून १०० मीटरवर मंडप, आणि हॅलोजन वगैरे मिळून १० ॲम्पिअरचा भार. तांब्याची अडीच एमएमची तार टाकली तर जाऊन-येऊन साधारण १५ व्होल्ट वाटेतच जिरतात. पैसे वाचवायला एक एमएमची टाकली तर ३६ व्होल्ट जिरतात आणि तार गरम होते ती वेगळीच. त्यात गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं. म्हणून तार जाड घ्या आणि जनरेटर असो की मीटर, ते मंडपाच्या जवळ आणा. एलईडीची माळ मधूनच हातभर विझली तर ती मिणमिण नव्हे. त्या तुकड्यातले बल्ब सिरीजमध्ये असतात, एक गेला की तो तुकडा जातो. तेवढाच बदला.

आणि आकडा टाकू नका. तारेवर आकडा टाकणं ही २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली वीजचोरी आहे, पण माझी काळजी कायद्याहून मोठी आहे. गणपती-दुर्गेच्या दिवसांत जमीन ओली, लोखंडी पाइपचा मंडप ओला, आणि लेकरं पाइपाला धरून झुलतात. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देतं, ती घ्या. मीटरनंतर लगेच ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, मंडपाच्या पाइपाला अर्थिंग द्या, तारांचे जोड जमिनीवर न ठेवता हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बांधा. जोडाला टेप मारली म्हणजे झालं असं नाही, वरून प्लास्टिकची पिशवी खाली तोंड करून बांधा म्हणजे पाणी आत साचत नाही. हे सगळं मी भाड्यातच धरतो, वेगळे पैसे मागत नाही, आणि कुणी नको म्हटलं तरी करतो.

आता ऑर्डर. फोन केलात तर एवढं सांगा: लोक कुठून पाहणार, रस्त्यावरून की समोर बसून, काय दिसलं पाहिजे, दिवे की देवी, खाली कोण बसणार, जेवणारे की नाचणारे, आणि किती वाजेपर्यंत. मग झगमग, लखलख, लुकलुक यातला एक शब्द सांगा. तिन्ही एकाच जागी मागू नका, तिन्ही मिळून भगभग होते. दारात झगमग, गाभाऱ्यात लखलख आणि झाडापलीकडे लुकलुक असं वाटून घेता येतं. जागेचा एक फोटो दिवसाचा पाठवा आणि एक रात्रीचा, सगळे दिवे बंद करून काढलेला. रात्रीच्या फोटोत काहीच दिसत नाही म्हणून पोरं तो पाठवत नाहीत. मला तोच पाहिजे असतो, शेजारच्या घराचा कोणता बल्ब आपल्या मंडपात येतो हे त्यातच कळतं, आणि त्या घरच्या काकूंना जाऊन चार दिवस तो बंद ठेवायची विनंती आधीच करता येते.